गंधकाच्या गाठी

केसांना बोलता यायचं आणि फण्या शिसवी असायच्या, त्या काळातली ही गोष्ट. सगुणाच्या कपाळावर एक कुरळी बट होती. लोक तिला ‘शेवयांचा गुंता’ म्हणत. लोकांना काय, तोंड असतं! पण बटेला स्वतःचीच लाज वाटू लागली.

शिकेकाईनं न्हाताना ती सरळ व्हायची, हरखायची. वाळली की पुन्हा वेटोळी. “असं का गं, फणीताई?” तिनं रडत विचारलं.

फणी म्हणाली, “तुझ्या आत लांबलांब साखळ्या आहेत. त्यांनी एकमेकींचे हात धरलेत. पाण्यात हात सुटतात, वाळलं की पुन्हा धरतात. पण अधूनमधून गंधकाच्या पक्क्या गाठी आहेत, त्या पाण्याला भीक घालत नाहीत. तुझं वळण त्याच राखतात.”

“मग त्याच सोडव ना!”

“मी गुंता सोडवते, बये. हाडं मोडत नाही.”

ते काम बाजारातल्या, केस सरळ करणाऱ्या औषधाच्या एका बाटलीनं केलं. तिनं गाठी सोडल्या, बट ताणली आणि त्या गाठी भलत्याच जागी पुन्हा बांधल्या. आता फणी सर्रकन निघून जायची; ना अडकणं, ना भांडण, ना सगुणाचं “आई गं!” पुढच्या न्हाण्यानंतर बट वाट बघत वाळली. वळण आलं नाही.

“आपण किती भांडायचो गं,” ती पुटपुटली. फणी पुन्हा सर्रकन निघून गेली.

दोन महिन्यांनी मुळाशी फणीचा दात अडकला. सगुणा ओरडली, “आई गं!” तिथं बटेची पेरभर नवी वाढ वेटोळं घालून बसली होती.

“आलीस का गं, भांडखोरे?” फणी म्हणाली, आणि मुद्दामच जरा वेळ अडकून राहिली.