दहा वर्षांचं गणित

तालुक्याच्या मुख्याध्यापकांच्या सभेत कंपनीचे साहेब छाती फुगवून म्हणाले, “गणिताचं हे नवं सॉफ्टवेअर घ्या. दहा वर्षं आम्ही सांभाळू!”

घोरपडेबाई उठल्या. “आमच्या शाळेतल्या जुन्या सॉफ्टवेअरला तुम्ही तिसऱ्याच वर्षी वाऱ्यावर सोडलंत.”

“बाई, तंत्रज्ञान आहे. कुठलं कधी बंद करावं लागेल, हे आधी कोण सांगणार?” साहेब हसले.

“कोणीच नाही ना?” बाईंनी खडू पुढे केला. “मग हे दहाचं उत्तर कसं आलं, ते फळ्यावर रीतीसह सोडवून दाखवा.”

सभा खो-खो हसली. खरेदीच्या अर्जावर एकाचीही सही पडेना. शेवटी साहेबांनी जुनंही दहा वर्षं सांभाळायचं लेखी दिलं.

बाईंनी कागद तपासला आणि खाली लाल शाईने बरोबरची खूण केली.