कुरणवाडीने दिलेला शब्द

कुरणवाडी आणि तालुक्याचा रस्ता यांच्यामध्ये नदी होती आणि नदीवर पूल नव्हता. पावसाळ्यात होडी बंद पडली की चंद्राक्काच्या नातीची शाळा बुडायची. आमदार दौलतराव इंगवले पूल बांधायचं आश्वासन देत होते, म्हणून अक्काने दोन निवडणुका त्यांनाच मत दिलं होतं.

तिसऱ्या निवडणुकीला दौलतराव पुन्हा आले. गावातली कुरकुर यंदा त्यांच्या कानावर गेली होती. पुलाचं भाषण आटोपून ते म्हणाले, "मी शब्द दिला, आता तुम्ही द्या. मला मत देणाऱ्यांनी इथंच हात वर करा!"

माणसं एकमेकांची तोंडं बघू लागली. आमदाराच्या तोंडावर नाही कोण म्हणणार? तेवढ्यात चंद्राक्काने ऐटीत हात वर केला.

दौलतराव खुलले. "शाब्बास अक्का! शब्द पक्का ना?"

"तुमच्या पुलाएवढा पक्का, सायेब. खुशाल चालत जावा त्याच्यावरनं!"

असा हशा उसळला की स्पीकरचा आवाज ऐकू येईना. भराभर सगळ्या गावाचे हात वर झाले. "आमचाबी तेवढाच पक्का!"

गावाने तो शब्द दौलतरावांसारखाच पाळला आणि दौलतराव पडले. निवडून आलेल्या नव्या आमदारबाईंनी हा किस्सा ऐकला होता. त्यांनी पुलाबद्दल भाषण केलंच नाही, थेट खांब उभे केले.

पूल झाला त्या सकाळी अक्का नातीचा हात धरून निघाली. मधोमध थांबून तिने दोनदा पाय आपटून बघितला, आणि हसत हसत पलीकडे गेली.