पडद्याचं एक टोक

त्या दिवशी धुकं असं उतरलं होतं, की बाबी मास्तरांच्या अंगणातला फणस कुणी अर्धा पुसून ठेवल्यासारखा दिसत होता.

“मग माझ्यात कमी काय, ते तरी सांगा!”

भार्गव तावातावाने विचारत होता. मास्तरांच्या नाट्यशाळेत त्याची दोन वर्षं सरली. अभिनय झाला, नेपथ्य झालं, पडद्यामागची सगळी उस्तवारही शिकून झाली. आज राजाचं काम मिळालं नाही, तर दुपारच्या एसटीने आपल्या गावी जायचं आणि पुन्हा तोंडाला रंग लावायचा नाही, असं त्याने ठरवलं होतं. भरलेली पिशवी पायाशीच होती.

मास्तर त्याचे गुरू, तसे शेजारीही. त्याने भाड्याने घेतलेलं घर आणि मास्तरांचं घर, मध्ये नुसता काटक्यांचा कूड.

त्यांनी घरातून जुना तांबडा पडदा आणला. त्यांच्या खेळात राजा पहिल्यांदा येतो तो दोघांनी हातात धरलेल्या पडद्याआडून.

“धर एक टोक.”

“राजा कुठाय?”

“धर तर खरा.”

धरला. धुकं पडद्याला अंग घाशीत जात होतं...

“मास्तर, मागे कुणी नाही.”

“बघितलंस?”

“बघायचं काय त्यात? आपण दोघंच तर आहोत!”

“हं...”

वाटेने पाण्याला निघालेली गंगूआजी पडदा बघून थांबली. कळशी खाली ठेवली, वहाणा काढल्या, डोईवर पदर घेतला.

भार्गवला हसू आलं. “आजी, आज खेळ नाही. जा तुम्ही पाण्याला.”

“गप रे मेल्या. येता हा तो.”

आणि ती बघत राहिली. दूरदेशी गेलेलं घरचं माणूस आत्ता दारात दिसेल, तशी.

भार्गवचं हसू विरलं. खांदे भरून आले, तरी हात खाली घेववेना. खाली घेतला, तर म्हातारीला दाखवायचं काय?

...

कितीतरी वेळ गेला. कुणाला वाट द्यावी तसा तो नकळत अर्धं पाऊल बाजूला सरला.

पडदा हलला. वारा तर नव्हता.

त्याने मागे वळून पाहिलं नाही. आवाज अगदी खाली आणून म्हणाला, “मास्तर... उभं राहून दमला असेल का हो तो?”

मास्तरांनी हात लांबवून त्याच्या हातातलं टोक आपल्याकडे घेतलं.

“पिशवी घरात ठेवून ये. तोवर मी त्याला थांबवतो.”