चिमकीचा दाणा आणि डिकीतला दिवा

आश्विन शुद्ध त्रयोदशी, गुरुवार. सकाळी गारवा. नऊनंतर लख्ख ऊन. वारा नाही.

एक होती खार. एवढीशी. तिचं नाव चिमकी.

इंदुआत्या पायरीवर शेंगा सोलत होती. फट्! एक दाणा उडाला. चिमकीने तो पकडला. स्वतः पकडलेला पहिला दाणा! तोवर आईच आणून द्यायची.

चिमकी पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु. आणि दाणा सुटला! घरंगळत गेला. गाडीखाली गेला. फरशीच्या खाचेत पडला. खाचेवर होतं गाडीचं चाक. गच्च!

चिमकीने पंजा घातला. पोचेना. शेपूट घातलं. पोचेना.

ती चाकाला म्हणाली,
"चाका, चाका, सरक ना.
माझा दाणा मिळेना!"

चाक म्हणालं, "मी नाही सरकणार. बॅटरी गाडी सुरू करेल, मग सरकेन."

चिमकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. खालून वर चढली. बॅटरीपाशी गेली.
"बॅटरी, बॅटरी, ऊठ ना.
चाक सरकेना,
माझा दाणा मिळेना!"

बॅटरी म्हणाली, "मी नाही उठणार. अंगात जीवच नाही. रोज श्रीरंगकाका मला भरतात. रोज कुणीतरी मला पिऊन टाकतं. मागे डिकीत दिवा आहे ना, तोच! दिवा विझेल, मग उठेन."

चिमकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. डिकीला बोटभर फट होती. फटीत नाक घातलं. आत पिवळा पिवळा दिवा!
"दिव्या, दिव्या, वीझ ना.
बॅटरी उठेना,
चाक सरकेना,
माझा दाणा मिळेना!"

दिवा म्हणाला, "मी नाही विझणार. दार उघडं, की मी जागा. दार बंद, की मी झोपलो. मला एवढंच येतं. दार मिटेल, मग विझेन."

चिमकी वळली. दार तर समोरच!
"दारा, दारा, मीट ना.
दिवा विझेना,
बॅटरी उठेना,
चाक सरकेना,
माझा दाणा मिळेना!"

दार म्हणालं, "मिटलेलंच आहे की मी!"

"नाही. फट आहे. माझं नाक जातंय."

दाराने खाली पाहिलं. "अगोबाई, खरंच! हा बघ, दसऱ्याचा हार. इथेच अडकलाय. हार निघेल, मग मिटेन."

हार होता झेंडूचा. दसऱ्याला आत्याने गाडीची पूजा केली. पुढून मागून हार बांधले. तेव्हापासून तो तिथेच होता.
"हारा, हारा, नीघ ना.
दार मिटेना,
दिवा विझेना,
बॅटरी उठेना,
चाक सरकेना,
माझा दाणा मिळेना!"

हार म्हणाला, "मी नाही निघणार. आत्याने गाठ मारलीय. एक नाही, तीन! आत्या सोडेल, मग निघेन."

चिमकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. पायरीवर गेली.
"आत्या, आत्या, गाठ सोड ना.
हार निघेना,
दार मिटेना,
दिवा विझेना,
बॅटरी उठेना,
चाक सरकेना,
माझा दाणा मिळेना!"

"अगं बाई!" आत्या म्हणाली. "दसऱ्याचा हार कुणी ओला काढतं होय? आमच्या घरात नाही काढत. ऊन वाळवेल, मग सोडीन."

चिमकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. अंगणात गेली. वर पाहिलं. डोळे बारीक केले.
"उन्हा, उन्हा, वाळव ना.
आत्या सोडेना,
हार निघेना,
दार मिटेना,
दिवा विझेना,
बॅटरी उठेना,
चाक सरकेना,
माझा दाणा मिळेना!"

ऊन म्हणालं, "मी नाही वाळवणार. गाडी आहे छपराखाली. मी तिथे पोचतच नाही. चाक सरकेल, गाडी अंगणात येईल, मग वाळवीन."

चाक?
चिमकी मटकन बसली. चाकापासून निघाली होती. पुन्हा चाकापाशीच आली!

तिने शेपूट पोटाशी घेतलं. विचार केला. बराच वेळ केला. मग उठली. सावकाश गाडीच्या मागे गेली. फट नीट पाहिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"हारा, हारा, तुझी किती फुलं अडकली?"

हाराने मोजली. "एकच. अगदी शेवटचं."

तुरुतुरु, तुरुतुरु!
"आत्या, आत्या, हार राहू दे. गाठी राहू देत. मला एक फूल देशील?"

"एक फूल?" आत्या हसली. "घे की! एका फुलाने काय होतंय?"

चिमकीने फूल धरलं. कुरतड, कुरतड, कुरतड. फूल सुटलं!

आत्या मागून आली. तिने फट पाहिली. आतला उजेड पाहिला. तिने दार दाबलं.

दार मिटलं. खट्!
दिवा विझला. टुक्!

"ए रंगा!" आत्याने भावाला हाक मारली. "निघालास ना नवी बॅटरी आणायला? थांब. आधी इकडे ये."

श्रीरंगकाका आले. सगळं ऐकलं. डोकं खाजवलं. "म्हणजे तीन दिवस दिवा जळत होता? आणि मी बॅटरीला म्हातारी म्हणत होतो! हार कुणी बांधला, माई?"

"हार मी बांधला. दार कुणी लावलं?"

काका लगबगीने आत गेले. त्यांनी चार्जर आणला. बॅटरीला लावला. सुंऽऽऽ, सुंऽऽऽ. चिमकी चाकाजवळ बसून राहिली. दुपार झाली. सावली लांब झाली.

बॅटरी भरली.
बॅटरी उठली. घुर्रर्र!
गाडी सुरू झाली.
चाक सरकलं.
गाडी अंगणात आली.

खाचेत दाणा होता. अख्खा. चिमकीने तो काढला. साल सोलली. दाण्याच्या दोन पाकळ्या झाल्या. एक पाकळी खाल्ली. मग दुसरी खाल्ली.

वेळ, पाच वाजून दहा मिनिटं. शुक्रवारी सकाळी गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली.