अस्वलिणीची दणकट सायकल

खडकाळ उतारांच्या एका जंगलात एक अस्वलीण आपल्या दोन पिलांबरोबर राहत असे. अस्वलांची रीत तुम्हाला ठाऊक असेलच. पिलं जाणती होईपर्यंत आईच्या पाठीवर, तिचे दाट केस मुठीत घट्ट धरून हिंडतात. या दोघांचा तर खाली उतरण्याचा विचारच दिसत नव्हता. आता अस्वलांना सायकल येते का, असं विचारू नका. त्या जंगलात येत होती, आणि ज्याला हे पटत नसेल त्याने आपली गोष्ट आपण लिहावी.

उन्हाळा चढला की खालचा झरा आटायचा आणि सगळे प्राणी खिंड ओलांडून पलीकडच्या डोहावर राहायला जायचे. अस्वलीण दरवर्षी चालतच जात असे. यंदा मात्र वारूळ उकरताना तिच्या टाचेवर दगड कोसळला होता. टाच टेकली की कळ यायची. पंजाच्या पुढच्या भागाने पॅडल मारता येत होतं, म्हणून ती कोल्ह्याच्या सायकलच्या दुकानात गेली.

"बाईसाहेब, वजन किती धरू?" कोल्ह्याने अदबीने विचारलं.

अस्वलिणीने मागे कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं आणि हळूच म्हणाली, "फार नाही. हरणीपेक्षा जरासं जास्त."

कोल्ह्याला काही डोळे नव्हते असं नाही. पण गिऱ्हाइकाचं मन मोडायचं नाही, हा त्याचा नेम होता. त्याने एक सडपातळ, चकचकीत लाल सायकल पुढे केली. "तुम्हाला अगदी शोभून दिसेल," तो म्हणाला. पुढे-मागे दोन्हीकडे खाचखळग्यांचे धक्के झेलणारे शॉकअप होते, हे तेवढं खरं.

व्हायचं तेच झालं. खिंडीच्या अलीकडे, दरीच्या कडेने जाणाऱ्या दगडांच्या उतरंडीवर मागचा शॉकअप पार तळाला गेला. टक् असा कोरडा आवाज आला, मागचं चाक पापडासारखं वेडंवाकडं झालं आणि तिघंही करवंदीच्या जाळीत जाऊन पडली. धाकट्याचं नाक खरचटलं. जाळी नसती तर काय झालं असतं, हे दरीकडे पाहून अस्वलिणीला कळलं. घरी परतल्यावर तिने झऱ्यात डोकावलं. तिथे चिखल तेवढा उरला होता. आता थांबणंही शक्य नव्हतं आणि पुन्हा चुकणंही परवडणारं नव्हतं.

ती मोडकी सायकल ढकलत दुकानाकडे निघाली, तेव्हा समोरच्या टेकाडावरून एक रानडुक्कर सायकलवरून धाडधाड उड्या मारत खाली आलं. चांगलं लठ्ठ, पोट हँडलला टेकलेलं, पण सायकल जराही डगमगली नाही.

"डुक्करदादा, तुमची कशी मोडत नाही?" अस्वलिणीने विचारलं.

"एक मोडली होती की," डुक्कर म्हणालं. "वजन लपवलं होतं मी. तेव्हापासून दुकानात शिरतानाच वजन सांगतो. सांगितल्याने ते वाढत नाही, ताई. चल, मीही येतो."

वाटेत त्याची टकळी चालूच होती. "रंगाबिंगाचं नंतर बघ. आधी टायर जाड आहेत का, चाकाचे आरे दाट आहेत का, फ्रेम भक्कम आहे का, ते बघ. आणि शॉकअपमधली हवा आपल्या वजनाला बेतून भरून घे. बसल्यावर तो थोडासा दबला पाहिजे. तळाला टेकला की संपलंच."

दुकानात अस्वलिणीने पिलांना खाली उतरवलं, काट्यावर उभी राहिली आणि आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्याने सांगितला. कुणी हसलं नाही. तिलाच त्याचं नवल वाटलं.

"बाईसाहेब, हे त्या दिवशीच सांगितलं असतंत तर," कोल्हा पुटपुटला.

"आणि तुम्ही त्या दिवशीच काटा पुढे केला असतात तर?" डुक्कर म्हणालं. कोल्हा ओशाळला आणि मुकाट्याने आतून एक चांगली मजबूत निळी सायकल घेऊन आला. शॉकअपमध्ये हवा भरली. अस्वलीण बसली. शॉकअप थोडासा दबला आणि थांबला. तिला इतकं बरं वाटलं की म्हणाली, "हीच द्या."

तेवढ्यात खाली कंटाळलेली पिलं नेहमीच्या सवयीने मागून चढून तिच्या पाठीवर बसली.

टक्.

तो आवाज अस्वलिणीने लगेच ओळखला. ती उतरली नाही. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "पण यांचं कसलं आलंय वजन? ही तर माझीच आहेत."

"तुला नसेल ताई," डुक्कर हळूच म्हणालं, "चाकाला आहे."

कोल्ह्याने दोन्ही पिलांना काट्यावर बसवलं. काटा असा काही खाली गेला की त्याने पिलांना उतरवून पुन्हा बसवून पाहिलं. मग तो दुकानाच्या कोपऱ्यात गेला आणि धुळीने माखलेली, जाडजूड, मातकट रंगाची एक सायकल ओढत घेऊन आला. "ही कुणी घेत नाही," तो म्हणाला. "दिसायला धड नाही, म्हणून मीही कुणाला दाखवत नाही. पण तुम्हा तिघांना हीच पेलेल." हे बोलताना त्याने पहिल्यांदाच गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पाहिलं होतं. या वेळी तिघांच्या वजनाने हवा भरली. तिघं बसली. शॉकअप थोडासा दबला आणि थांबला.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत अस्वलीण निघाली. करवंदीची जाळी दिसली. थोरल्याने तिचे केस अधिकच घट्ट धरले. पहिला दगड आला, सायकल खाली गेली आणि अस्वलीण कान टवकारून त्या आवाजाची वाट पाहू लागली. तो आला नाही. दुसऱ्या दगडावरही नाही. जाड टायर दगडांवरून गुरगुरत गेले, उतरंड मागे पडली, खिंडही मागे पडली, आणि तिचा जीव भांड्यात पडला. ती मोठ्याने हसली. का हसली हे पिलांना समजलं नाही, पण तीही हसली.

डोहावर पोचताच पिलं पाठीवरून घसरली आणि थेट पाण्यात शिरली. अस्वलिणीने सायकल जांभळीच्या झाडाला टेकवली, पाठ ताणली आणि थबकली. पाठ दुखत होती. कितीतरी दिवसांपासून दुखत असणार, तिला आजवर ते कळलंच नव्हतं.

"आई, ये ना," धाकट्याने हाक मारली.

"आले," ती म्हणाली. "पण परतताना चढापुरतं दोघांनी चालायचं."

तात्पर्य : आपला भार लाजेपोटी लपवू नये, आणि मायेने उचललेलं ओझंही त्यात धरायला विसरू नये, खरं वजन सांगितलं तरच ते पेलणारं काही मिळतं.