बंद कपाटातले आवाज

सीना नदीच्या काठी एका गावात सिद्राम नावाचा माणूस राहत होता. गावात टेपरेकॉर्डर पहिल्यांदा त्याच्याच घरी आला. त्याला मोठी हौस होती. कुणाकडे बारसे असो की जागरण, सिद्राम यंत्र घेऊन हजर. म्हाताऱ्यांच्या गोष्टी, बायकांची गाणी, सगळे त्याने कॅसेटींवर भरून घेतले. त्याची बायको शेवंता चुलीपुढे बसून गायची, तेही टिपले.

पण एकदा भरलेली कॅसेट तो पुन्हा लावत नसे. वाजवली की फीत झिजते, असे त्याने कुठेतरी ऐकले होते. साऱ्या कॅसेटी लोखंडी कपाटात रचून त्याने कुलूप घातले.

एकदा शेजारची मैनाबाई आली. तिच्या लेकीच्या बारशाला मैनाबाईच्या आईने म्हटलेला पाळणा त्या कपाटात होता. आई आता राहिली नव्हती, आणि लेकीला दिवस गेले होते.

"दादा, तेवढा पाळणा ऐकव. नातवंडाच्या बारशाला म्हणीन म्हणते. मधली कडवी आठवत नाहीत."

"फीत झिजते, मैना."

"मग नक्कल काढू दे. जावयाकडं दोन कॅसेटींचं मशीन आहे."

"नक्कल गेली की दारोदार होते. मग मी कशाला जपायचं?"

मैनाबाई उठून गेली. बारशाला पाळणा अर्धाच म्हटला गेला.

लोकांनी मागणे सोडले, मग येणेही सोडले. पुढे शेवंता वारली. मूलबाळ नव्हते. घर इतके गप्प झाले की भांडे पडले तरी सिद्राम दचके. तरी त्याने तिची कॅसेट लावली नाही. कपाट तेवढे पुसत राहिला.

बरीच वर्षे गेली. एका दुपारी जेवताना त्याच्या ध्यानात आले, की शेवंताचा चेहरा आठवतो, पण आवाज आठवत नाही. हातातला घास तसाच ठेवून तो उठला. कपाट उघडले, यंत्र काढले. आतला रबरी पट्टा वितळून डांबरासारखा चिकटला होता.

कॅसेट घेऊन तो तालुक्याला गेला. दुकानामागून दुकान हिंडला. कॅसेट लावायचे यंत्रच कुणाकडे नव्हते. शेवटी दुरुस्तीवाल्या रफीककडे एक जुने निघाले. रफीकने कॅसेट उजेडात धरली. फितीवर पांढरी बुरशी चढली होती.

"बाबा, ही ठेवून जा. हळूहळू साफ करावी लागेल. आत्ता लावली तर तुटेल."

"परक्याकडं ठेवणार नाही. आत्ताच लाव."

रफीकने पुन्हा समजावले. सिद्राम ऐकेना. मग रफीकने लावली. खरखरीतून शेवंता खाकरली. "झालं का सुरू?" एवढे म्हणाली. पुढच्या क्षणी फीत यंत्रात गुंतली आणि तटकन तुटली. बाहेर काढली तेव्हा तिच्यावरचा लेप बोटांना काळा लागत होता.

सिद्रामने तुटलेली फीत गोळा केली. मग हळूच म्हणाला, "बाकीच्या आणून देऊ?"

"आणा. वाचतील तेवढ्या वाचवू."

सिद्रामने सगळ्या नेऊन दिल्या आणि रिकाम्या हाताने घरी आला. पुष्कळशा कामातून गेल्या होत्या. थोड्या वाचल्या, त्यांत तो पाळणा होता. रफीकने तो मोबाईलवर घालून दिला.

सिद्राम मैनाबाईच्या ओसरीवर गेला. ती आता थकली होती. त्याने पाळणा लावला. घरातली पोरे गोळा झाली, लेक दाराशी येऊन उभी राहिली. मैनाबाई मात्र एकेकाच्या तोंडाकडे बघत होती.

"आईचे कान गेलेत, मामा. कानाशी ओरडलं तरच कळतं," लेक म्हणाली आणि आजीचा पाळणा लागल्याचे तिने आईच्या कानात ओरडून सांगितले.

मैनाबाईने त्याचा हात धरला. "माझी आई बोलते ना त्यात? काय म्हणते, मला सांग."

सिद्राम तिच्या कानाशी वाकला. मोबाईलवरची ओळ ऐकायची आणि मोठ्याने तिला सांगायची, असे करत त्याने सगळी कडवी सांगितली. मधल्या कडव्यांना ती मान डोलावत हसली.

तिन्हीसांजेला तो घरी परतला. शेवंता काय गात होती, हे त्याला सांगणारे आता कुणीच नव्हते.

तात्पर्य: जे जपायचे ते वेळेवर वापरावे आणि दुसऱ्याच्याही हाती द्यावे; एकट्याने कोंडून ठेवलेले शेवटी आपल्यालाही उरत नाही.