टिटवीचा विषय

तळं आटून सात उन्हाळे उलटले होते, तेव्हाची ही गोष्ट. काठावरच्या करंजावर पाखरांचं कविसंमेलन भरलं होतं आणि जो तो कमळावरच कविता म्हणत होता. कमळ मात्र त्यांच्यातल्या एकानेही पाहिलेलं नव्हतं.

टिटवीनेही कमळ घोकून आणलं होतं. पण तिची अंडी खाली उघड्या माळावर होती आणि बुलडोझरची घरघर सकाळपासून जवळ येत होती. एक ओळ म्हणायची, की लगेच माळाकडे बघायचं, असं तिचं चाललं होतं. तिसऱ्या ओळीला तिचा धीर सुटला.

"आला, आला! अगं बाई, माझी अंडी!"

"टिटवीबाई, ही कविता नव्हे, नुसती ओरड आहे," अध्यक्ष पोपटराव डाफरले. "भर सभेत अपशकुन कसला करता? विषयाला धरून बोला!"

"माझा विषय तिकडे चिरडला जातोय, पोपटराव!"

ती झेपावली आणि बुलडोझरपुढे पंख मोडल्याचं सोंग करत लंगडू लागली. या सोंगाला कुत्री फसायची, कोल्हे फसायचे. बुलडोझर फसला नाही.

माळ सपाट करून तो करंजाकडे वळला. खोड हादरलं, तशी सगळी पाखरं एकदम ओरडली. सगळ्यांत मोठ्याने पोपटराव ओरडले, आणि त्यात कमळ कुठेच नव्हतं.